पावती फाडायची की नाही?

आदरणीय बाई,

मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत शिक्षणसेविका आहे, म्हणजे कायम होण्याआधीची तीन वर्षं मानधनावर. दुसरं वर्ष चालू आहे. मानधन 16,000. त्यातून खोलीभाडं, गाडीचं पेट्रोल आणि सासरी थोडेफार. गेल्या महिन्यात आमच्या केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत चहाच्या सुट्टीत एका शिक्षक संघटनेचे तालुकाध्यक्ष सभासद वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन आले. मी घुटमळले, तर म्हणाले, "मॅडम, बदलीच्या वेळी आमचीच आठवण येईल." संध्याकाळी दुसऱ्या संघटनेच्या सरांचा फोन, "त्यांच्याकडे फाडू नका, ते नुसते फोटो काढतात." आमचे मुख्याध्यापक तिसऱ्याच संघटनेत. नवरा म्हणतो, आधी कायम हो, मग काय ती नेतेगिरी कर. पुढच्या महिन्यात मोर्चा आहे आणि त्यानंतर बेमुदत संपाचीही भाषा चालू आहे. परवा नातवाला न्यायला आलेले एक आजोबा चारचौघांत म्हणाले, "लाख लाख पगार घेता, तरी यांचे मोर्चे संपेनात." मला रडूच आलं. माझा पगार सांगावा तर लाज वाटली. मी काय करू?

— एक शिक्षणसेविका

---

अगं, पावती फाड. पण ज्यांनी बदलीचा धाक घातला त्यांच्याकडची नको, आणि या आठवड्यात तर नकोच. आधी माझं थोडं ऐकून घे.

बदलीचा विषय पहिल्यांदा निकालात काढते. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या 2017 पासून ऑनलाइन झाल्या. संवर्ग, सेवाज्येष्ठता, पसंतीक्रम भरायचा आणि आदेशाची वाट बघायची. आमच्या वेळी मे महिन्यात पदाधिकाऱ्यांच्या ओसरीवर चपलांचा ढीग पडायचा. तो ढीग गेला, पण त्या सरांचं वाक्य मात्र तिथंच राहिलं. तेव्हा हा बागुलबुवा मनातून काढून टाक.

आता तुझे 16,000. शिक्षणसेवक योजना 2000 साली आली तेव्हा प्राथमिकला 3,000, माध्यमिकला 4,000 आणि कनिष्ठ महाविद्यालयाला 5,000 असं मानधन होतं. त्यावर जवळजवळ एक तप गेलं. मग 6,000, 8,000 आणि 9,000 झाले. त्यावर पुन्हा एक तप. उच्च न्यायालयानं कान टोचले, सगळीकडून ओरड झाली, तेव्हा कुठे जानेवारी 2023 पासून 16,000, 18,000 आणि 20,000 झाले. याच काळात आम्हा कायम शिक्षकांना सहावा वेतन आयोग मिळाला, सातवाही मिळाला. तू कायम झालीस की तुझा मूळ पगार 29,200 पासून सुरू होईल, वर निम्म्याहून जास्त महागाई भत्ता आणि घरभाडं. वर्ग तोच, फळा तोच, मुलंही तीच. मधे फक्त तीन वर्षं.

हे असं का झालं? सरकार कंजूष होतं म्हणून, हे तर आहेच. दुसरं कारण मला जवळून माहीत आहे, कारण त्यात माझाही हात आहे.

मी अकरा वर्षं शिक्षक संघटनेची तालुका कोषाध्यक्ष होते. (हिशेब ठेवायला कुणी तयार नव्हतं आणि बाईमाणूस पैसे खाणार नाही असा एक सोयीस्कर समज होता, म्हणून.) 2009 मधली आमची एक सभा आठवते. सहावा आयोग नुकताच राज्यात लागू झाला होता. सतरंजीवर दीडशे माणसं बसलेली, आणि सगळ्यांच्या तोंडी थकबाकी. वेतननिश्चिती कशी, हप्ते किती, भविष्य निर्वाह निधीत किती जाणार, सेवेच्या 12 वर्षांनी मिळणाऱ्या वरिष्ठ वेतनश्रेणीची वर्षं कधीपासून धरायची, 24 वर्षांनंतरच्या निवड श्रेणीचं काय. दोन तास हेच चाललं. शेवटी आयत्या वेळच्या विषयात मागच्या भिंतीला टेकलेला एक पोरगा उभा राहिला. "आमच्या मानधनाचं काय?" हा मुलगा 3,000 वर काम करायचा आणि रविवारी एका मंडपवाल्याकडे बांबू उभे करायला जायचा. आपल्याच वर्गातल्या मुलीच्या बहिणीच्या लग्नात शिडीवर चढलेला दिसला आणि गावभर झालं, गुरुजी मंडप बांधतात. सभेत त्यावर लोक हसले. मी हसले नाही, पण मी जे म्हटलं ते हसण्यापेक्षा वाईट होतं. मी म्हटलं, "अरे, तीन वर्षं कशी निघून जातील, कळणारही नाही."

खरंच निघून गेली. तो कायम झाला. पुढे तालुका कार्यकारिणीवर आला, चांगलं कामही केलं. आणि एका सभेत एक नवी शिक्षणसेविका उभी राहिली तेव्हा तो तिला म्हणाला, "मॅडम, तीन वर्षं काय हो, अशी जातात." मी बाजूलाच बसले होते. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर कसं लागतं, ते त्या दिवशी कळलं.

यात कुणी खलनायक नाही. निवड श्रेणीचा प्रश्न असलेला माणूस वीस वर्षं संघटनेत असतो, वर्गणी भरतो, मतदान करतो, अध्यक्षाला घरी जेवायला बोलावतो. शिक्षणसेवकाचा प्रश्न मात्र दर तीन वर्षांनी मालक बदलतो. ज्याला टोचतं तो घाबरून सभेला येत नाही. आणि ज्याला बोलायची हिंमत येते त्याला तोवर टोचायचं थांबलेलं असतं. असे बेवारस प्रश्न निवेदनात अकराव्या क्रमांकावर जातात. साहेब पहिली तीन कलमं वाचतात. म्हणून तुझा नवरा म्हणतो तसं "कायम झाल्यावर बघू" प्रत्येक जण म्हणत राहिला, आणि ते 6,000 तिथंच राहिले.

संघटनेला नेमकी ताकद किती, हेही तुला माहीत असू दे, नाहीतर एक तर फार अपेक्षा ठेवशील किंवा अजिबात ठेवणार नाहीस. संघटना करायचा हक्क घटनेच्या कलम 19 मध्ये आहे. संपाचा हक्क मात्र नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2003 मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात सरकारी कर्मचाऱ्यांबद्दल ते स्पष्टच सांगितलं. शिक्षक हा औद्योगिक कायद्याच्या अर्थानं कामगार नाही, असंही त्याच न्यायालयानं 1988 मध्येच म्हटलं होतं. म्हणजे कारखान्यातली युनियन मालकासमोर बसून करार करते, तसं टेबल आपल्याला कायद्यानं दिलेलं नाही. आपला पगार आयोग सुचवतो आणि शासन निर्णय काढून सरकार देतं. मग संघटनेच्या हातात राहतं काय? गर्दी, कोर्ट, फायलीमागे फिरणारे पाय आणि मतं. त्यातली मतंही सगळी नाहीत. विधान परिषदेत शिक्षकांमधून निवडून जाणारे 7 आमदार आहेत, पण त्यांना मत देतात माध्यमिक आणि त्यावरच्या संस्थांतले शिक्षक. पहिलीला बाराखडी शिकवणारी तू त्या मतदारयादीत बसत नाहीस. हे मला नोकरीला लागल्यावर सहा वर्षांनी कळलं होतं, आणि तोवर मी एका उमेदवाराच्या प्रचारात दोन रविवार घातले होते.

पण फायलीमागे फिरणारे पाय, याला कमी लेखू नकोस. मोर्चे वर्षात दोन होतात. हे काम रोज चालतं. माझ्या शेजारच्या शाळेतल्या एका बाईंच्या सेवापुस्तकात एका वेतनवाढीची नोंदच झाली नव्हती. सात वर्षांनी लक्षात आलं. पंचायत समितीत गेल्या की लिपिक म्हणायचा, जुनं कपाट उघडावं लागेल, पुढच्या आठवड्यात या. असे पाच आठवडे गेले. सहाव्या वेळी आमचे सचिव सोबत गेले. त्यांनी भांडण केलं नाही, आवाजही चढवला नाही. लिपिकासमोर खुर्ची ओढली, पिशवीतून डबा काढला आणि म्हणाले, "कपाट उघडेपर्यंत इथंच जेवतो." दुपारी तीन वाजता नोंद झाली, साहेबांची सही झाली. त्या गृहस्थांचं भाषण एकदम भिकार असायचं. व्यासपीठावर त्यांना कधी हार पडला नाही. पण तालुक्यातल्या निम्म्या सेवापुस्तकांत त्यांच्या त्या डब्याचा वास असेल.

तर पावती फाडताना असा माणूस कुठल्या संघटनेत आहे ते बघ. आधी तुमच्या केंद्रातल्या चार जुन्या बायकांना विचार: मेडिकल बिल अडकलं तेव्हा कोण आलं होतं? मग त्या संघटनेच्या माणसाकडून शेवटचं छापील निवेदन मागून घे आणि शिक्षणसेवक हा शब्द त्यात कितव्या कलमात आहे ते मोज. वार्षिक सभा शेवटची कधी झाली तेही विचार. हा प्रश्न ऐकून जो चिडेल त्याची पावती घेऊ नकोस. आणि हो, शिक्षक पतसंस्थेची निवडणूक तोंडावर आहे का बघ. त्या वर्षी पावतीपुस्तकांना विशेष बहर येतो.

आता संप. इथं तुझ्या नवऱ्याचं अर्धं बरोबर आहे.

मी पंधरा वर्षांची असताना माझे वडील जिल्ह्याच्या एका कार्यालयात कारकून होते. 1977 च्या डिसेंबरात राज्य कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली. मागणी होती केंद्राइतका महागाई भत्ता. तो संप 54 दिवस चालला. वाण्याच्या वहीत आमचं पान भरलं, मग दुसरं भरलं. आईनं दूध निम्मं केलं. वडील रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून सभेला जायचे आणि घरी येऊन गप्प बसायचे. तू आज "महागाई भत्ता" हा शब्द केंद्राशी जोडून सहज बोलतेस, त्यामागे ते 54 दिवस आहेत, हे मी कुणालाही सांगेन. आणि दुसरी बाजू म्हणजे 2003 चं तमिळनाडू. तिथं सरकारनं जुलै महिन्यात जवळजवळ पावणेदोन लाख कर्मचारी आणि शिक्षक एका फटक्यात कामावरून काढले. बहुतेकांना नंतर परत घेतलं, पण मधले दिवस त्या घरांनी कसे काढले असतील ते मी कल्पनेनं समजू शकते.

आपल्याकडचा मोठा संप अलीकडचाच, 14 ते 20 मार्च 2023. "एकच मिशन, जुनी पेन्शन". दहावी-बारावीच्या परीक्षा चालू होत्या. सात दिवसांत समिती आणि आश्वासन घेऊन संप मागे घेतला, तेव्हा पुष्कळ जण नेत्यांवर चिडले. पुढच्या वर्षी राज्यानं केंद्राच्या धर्तीवर सुधारित योजना मान्य केली. ती जुनी पेन्शन नव्हे, पण 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना शेअर बाजाराच्या भरवशावर सोडलं होतं, त्यापेक्षा बरी. संप फसला म्हणायचा की जिंकला? मला विचारशील तर निम्मा. कायम झालीस की हा प्रश्न तुझाही आहे.

पण आज तुझी परिविक्षा, म्हणजे कायम होण्याआधीची पारख, चालू आहे. वर्तणूक नियम संपाला मनाई करतात, काम नाही तर वेतन नाही हे ठरलेलं, आणि परिविक्षेतल्या माणसाबद्दलचा एक वाईट शेरा पुसायला कायम माणसापेक्षा दसपट त्रास. तेव्हा बेमुदत संपात तू उतरू नकोस. तसं संघटनेला तोंडावर सांग, लपूनछपून नको. जी संघटना शिक्षणसेवकांना पुढे ढकलते आणि कायम लोकांना मागे ठेवते, तिची नियत मला संशयास्पद वाटते. उलट कायम लोकांनी म्हणायला हवं, तुम्ही वर्ग सांभाळा, आम्ही जातो.

एक दिवसाचा मोर्चा वेगळा. रीतसर किरकोळ रजेचा अर्ज दे, मंजुरी घे आणि जा. मंजूर झाली नाही तर जाऊ नकोस. दोनशिक्षकी शाळा आहे, तेव्हा दोघांनी एकाच दिवशी जायचं नाही हे मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेव. त्यांची संघटना वेगळी असली तरी मुलं एकच आहेत. आणि आजारपणाची चिठ्ठी देऊन मोर्चाला जाण्याचा शहाणपणा अजिबात करू नकोस. आमच्या एका सरांना ताप आलेला होता आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्यांचाच फोटो, मूठ वर करून.

राहिले ते आजोबा.

त्यांच्यावर चिडू नकोस, कारण ते पूर्ण खोटं बोलले नाहीत. निवृत्तीजवळ आलेल्या शिक्षकाचा सगळे भत्ते धरून पगार लाखाच्या आसपास किंवा वर जातो. ज्या गावात पावसावर वर्ष ठरतं तिथं तो आकडा डोळ्यात भरणारच. तुझा आकडा त्यांना माहीत नाही, कारण तू सांगितला नाहीस. लाज कसली? पुढच्या वेळी भेटले की सहज सांग, "आजोबा, माझे सोळा हजार. तीन वर्षं तेवढेच." भांडणाच्या सुरात नको, आपण दुधाचा भाव सांगतो तसं. बहुतेक त्यांना धक्का बसेल. गावात ही बातमी तुझ्या दहा मोर्च्यांपेक्षा लांब जाईल.

पण त्यांच्या रागात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या संघटना कधी मान्य करत नाहीत. माझ्या तालुक्यात एक गुरुजी होते. आठवड्यातले दोन दिवस शाळेत, बाकीचे प्लॉटच्या व्यवहारात. पालकांनी तक्रार केली, गटशिक्षणाधिकाऱ्यांनी नोटीस काढली. आमची संघटना वीस माणसं घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेली, "आमच्या सभासदावर अन्याय". त्या वीसजणांत मी होते. बाहेर पडलो तर व्हरांड्यात तक्रार करणारा एक बाप उभा होता, हातात मुलाची वही. वहीत जूनपासून तीन पानं लिहिलेली. त्यानं ती मला दाखवली नाही, नुसती धरून उभा होता. पुढच्या वर्षी आम्ही संप केला, तेव्हा त्या गावातल्या एकाही माणसानं आमच्या बाजूनं शब्द काढला नाही. का काढावा?

संपाचा कायदेशीर हक्क नसलेल्या माणसांचा सगळा आधार लोकांच्या सहानुभूतीवर असतो. तीच आपण असल्या लोकांपायी उधळतो. तेच रिकामी पदं, दोन शिक्षकांवर चार वर्ग, अशैक्षणिक कामं हे प्रश्न पहिल्या कलमात घातले असते तर तोच बाप आपल्यासोबत चालला असता. शिक्षणहक्क कायद्याचं कलम 27 जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून बाकीची कामं शिक्षकांना लावू नका म्हणतं. ते पालकांना कुणी वाचून दाखवतं का? तू दाखव. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत पाच मिनिटं लागतील.

तेव्हा असं कर. चौकशी पूर्ण झाली की पावती फाड आणि त्यानंतरच्या पहिल्या सभेला जा. बोलायची भीती वाटत असेल तर बोलू नकोस, लिहून दे: "शिक्षणसेवकांचं मानधन दरवर्षी महागाईनुसार वाढावं, हा विषय निवेदनात पहिल्या तीन कलमांत घ्यावा." खाली तुझी सही आणि केंद्रातल्या आणखी दोन शिक्षणसेवकांची. सचिवांना म्हणावं, इतिवृत्तात नोंद घ्या. आणि दीडेक वर्षानं कायमचा आदेश हातात पडला की त्यानंतरच्या सभेलाही जा आणि तोच कागद पुन्हा दे. त्या वेळी तुला त्याची गरज नसेल, म्हणून तर दे.

पावतीवर रक्कम अक्षरी लिहून घे आणि ती जपून ठेव. माझ्या अकरा वर्षांत वर्गणीचा हिशेब बघायला घरापर्यंत आलेली एकच बाई होती. मी तिला तीन वह्या आणि पासबुक दाखवलं, तिला 140 रुपयांची चूक सापडली, आणि ती माझीच होती.